एमबीए नाही, ऑपरेशन्समधे रिसर्चवाली मास्टर्स करून राहिलं का कोणी? नागपूरवाले सांगा

हिंगण्याचा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल झालं, काही वर्षांपासून हिंगणा एमआयडीसीत प्लॅनिंगला आहे. डिस्पॅचची बोंब रोजचीच, माल आहे तर गाडी नाही, गाडी आहे तर लोडिंगवाले पोरं जेवायला गेलेले. हे असं काहून होते यातच मला इंटरेस्ट येऊन राहिला. घरचे म्हणतात एमबीए कर नाहीतर लग्न कर 😄 मी एमएस बाय रिसर्च बघून राहिलो पण ऑफिसात कोणालाच ठाऊक नाही हे काय असते. एमबीएपेक्षा वेगळं काय? आणि मॅथ्स किती लागते, इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीत (मॅथ्सचा तिसरा पेपर) काठावर निघालो होतो बाप्पा.

ओआरवाली_ताई
पहिले डोक्यातून काढ की हे एमबीएचंच कठीण व्हर्जन आहे. तिथे केस हातात देतात, इथे प्रश्नच तुला शोधा लागते. कोर्सेस थोडे, बाकी सगळं थिसिस आणि गाईड. आयआयटी मद्रासच्या मॅनेजमेंट विभागात एमएस बाय रिसर्च आहे. एमफिल कोणी सुचवलं तर ऐकू नको, 2022 च्या यूजीसी नियमांनी ते बंदच झालं. बाहेर जायचं असेल तर नेदरलँड्समधे रिसर्च मास्टर वेगळीच डिग्री असते, दोन वर्षं, 120 क्रेडिट, मुख्यतः पुढे पीएचडी करणाऱ्यांसाठी.

मॅथ्सचं म्हणशील तर एम-थ्री सोड, प्रोबॅबिलिटी आणि ऑप्टिमायझेशन पक्कं पाहिजे. तुझाच लोडिंग डॉक घे. डॉक एकच, गाड्या केव्हाही येतात, भरायला कधी कमी वेळ कधी जास्त. सगळ्यात साधं मॉडेल, एम/एम/1 म्हणतात त्याला, ते सांगते की डॉक 80 टक्के बिझी असला तर गाडीला रांगेत सरासरी लोडिंगच्या 4 पट वेळ थांबा लागते, 90 वर 9 पट, 95 वर 19 पट. म्हणजे जो साहेब म्हणतो डॉक रिकामा दिसला नाही पाहिजे तोच संध्याकाळी ओरडते की गाड्या काहून उभ्या आहेत, अन् दोन्ही एकदम होत नसते हे त्याला कोणी सांगत नाही. आता तुझ्याकडे ड्रायव्हर सगळे सकाळीच येऊन लाईन लावतात, मधे जेवणाची सुट्टी, तर हे सूत्र तिथे जसंच्या तसं चालत नाही. जिथे चालत नाही तिथून तुझी थिसिस सुरू.

तर्री_एक्स्ट्रा
ताईनं भारी सांगितलं पण पैशाचं कोणी बोलून नाही राहिलं. गेट परीक्षेच्या स्कोअरवर एमटेकवाल्यांना महिन्याला 12,400 मिळतात, एमएसला किती ते त्या त्या संस्थेत विचारून घे. घरी ईएमआय असेल तर आधी हिशोब कर बे, मग राजीनामा दे.

कळमना_ते_काटोल
दादा, प्रोफेसरला मेल टाकशील तेव्हा "मला सप्लाय चेनमधे इंटरेस्ट आहे" एवढंच नको लिहू, ते तर सगळेच लिहितात. प्रश्न लिही. माझा संत्र्याचा होता. आंबिया आणि मृग असे दोन बहार, माल नाशवंत, कळमन्याच्या बाजारात भाव लिलावात ठरते, म्हणजे तोडलं तेव्हा शेतकऱ्याला भाव माहीतच नसते. मग आज किती तोडायचं अन् झाडावर किती ठेवायचं? एवढ्या चार ओळीवर गाईडनं फोनवर पाऊण तास डोकं खाल्लं माझं, पण घेतलं.

अजून एक, तुमच्या कंपनीच्या गेटवरचं रजिस्टर पाहून घे, गाडी आत केव्हा आली बाहेर केव्हा गेली ते सोनं आहे. मात्र कंपनीकडून लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक पानही थिसिसमधे टाकू नको, शेवटी शेवटी तिथेच गाडी अडकते. सॉफ्टवेअरचं टेन्शन नाही, पायथॉन शिक, गुरोबी म्हणून ऑप्टिमायझेशनचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं लायसन्स विद्यार्थ्यांना फुकट मिळते.

हिंगण्याचा_मेकॅनिकल
रजिस्टर आहे आमच्याकडे, पण वॉचमन काका बाहेर जायची वेळ कधी कधी दुसऱ्या दिवशी अंदाजे टाकतात 😅 गेट मेकॅनिकलमधूनच देऊ की प्रॉडक्शनमधून?

ओआरवाली_ताई
मेकॅनिकलमधूनच दे, त्या सिलॅबसमधेही इन्व्हेंटरी आणि ओआर (ऑपरेशन्स रिसर्च) आहेच. अन् काकांना आतापासूनच घड्याळ पाहून लिहायला सांग, मागचा डेटा साफ करत बसशील तर वर्ष त्यातच जाईल.