२०२६ मध्ये चित्रपटगृहात जाऊनच पाहावेत असे चित्रपट कोणते?

कृष्णाकाठ
सप्रेम नमस्कार. आम्ही कराडला राहतो. आई-वडील, आम्ही दोघे आणि मराठी माध्यमात सातवीत शिकणारी मुलगी असे पाच जण चित्रपटाला निघालो की तिकिटे आणि खाणेपिणे धरून खर्च बराच होतो, म्हणून वर्षातून चार-पाच चित्रपटच चित्रपटगृहात पाहायचे असे आम्ही ठरवले आहे. यंदा एका मराठी चित्रपटाची घरात सर्वांनाच उत्सुकता होती, पण प्रदर्शनानंतरच्या सोमवारी चौकशी केली तेव्हा त्याचा एकच खेळ उरला होता, तोही सकाळी साडेनऊचा. नव्या वर्षातील कोणत्या चित्रपटांसाठी तारखा राखून ठेवाव्यात आणि कोणते सवडीने पाहिले तरी चालतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिलारांगेतला
सुरुवात १ जानेवारीलाच करा. त्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, हेमंत ढोमे दिग्दर्शित ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ प्रदर्शित होत आहे. सचिन खेडेकर, अमेय वाघ आणि सिद्धार्थ चांदेकर यांच्या त्यात भूमिका आहेत. मराठी शाळांच्या अस्तित्वाचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी असल्यामुळे तुमच्या मुलीला तो आपला वाटेल.

मला स्वतःला सर्वाधिक ओढ आहे ती रितेश देशमुख यांच्या ‘राजा शिवाजी’ची. ‘वेड’नंतर दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा दुसरा चित्रपट असून त्याची जाहीर तारीख १ मे आहे. दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’ आणि ‘पावनखिंड’ या चित्रपटांत महाराजांच्या काळातील एकेक मोहीम घेतली होती. येथे संपूर्ण व्यक्तिमत्त्व कवेत घेण्याचा प्रयत्न दिसतो, आणि म्हणूनच लढायांच्या जोडीने किल्ल्यांची उभारणी, महसुलाची घडी, जिजाऊंचा धाक आणि माया हेही पडद्यावर यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. छायाचित्रण संतोष सिवन यांचे आहे. केरळचा पाऊस, ओली झाडी आणि धुके ज्या नजरेने त्यांनी टिपले, त्याच नजरेने सह्याद्रीचे कडे पाहायला मिळणार असतील, तर केवळ त्यासाठीही मी तिकीट काढीन. संगीत अजय-अतुल यांचे आहे, त्यामुळे ध्वनियंत्रणा चांगली असलेले चित्रपटगृह निवडा.

१ मे रोजी शुक्रवार आहे, त्याच दिवशी बुद्धपौर्णिमाही आहे आणि शाळांना सुट्टी लागलेली असते. ‘सैराट’ही २९ एप्रिल २०१६ रोजी, याच दिवसांत आला होता. ‘राजा शिवाजी’ हिंदीतही येणार आहे, तरी आपण मराठीचेच तिकीट काढावे, ही विनंती.

तिकीटखिडकी
वरील विनंतीला माझे पूर्ण अनुमोदन आहे. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत खेळ मिळावा, असा निर्णय राज्य सरकारने २०१५ मध्ये घेतला, पण नियम एका खेळापुरता हात देतो. पुढच्या आठवड्यात किती खेळ ठेवायचे, हे चित्रपटगृहाचे व्यवस्थापन शुक्रवार ते रविवारच्या भरण्यावरून ठरवते, आणि तुम्हाला सोमवारी जो अनुभव आला त्याचे मूळ तेथेच आहे. १२ सप्टेंबर २०२५ रोजी आलेला सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ तोंडी प्रसिद्धीवर टिकला, हे खरे असले तरी ती प्रसिद्धी पहिल्या तीन दिवसांत गेलेल्या लोकांनीच केली होती. म्हणून मराठी चित्रपटासाठी शनिवार-रविवार गाठावा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे, त्यामुळे जवळपास एकपडदा चित्रपटगृह असल्यास पाच जणांच्या कुटुंबाला ते निश्चितच परवडेल.

मोठापडदा
मराठीबाहेरचे दोन चित्रपट सुचवतो. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘द ओडिसी’ १७ जुलैला येत आहे. संपूर्णपणे आयमॅक्सच्या, म्हणजे अतिविशाल पडद्यासाठीच्या, फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला हा पहिला कथापट असल्यामुळे तो साध्या पडद्यावर पाहण्यात अर्थ नाही. पुण्याला किंवा मुंबईला जाणे होणार असेल, तर आयमॅक्सचेच तिकीट आगाऊ काढावे. दुसरा म्हणजे यंदाच्या, २०२६ च्या दिवाळीला येणारा नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’चा पहिला भाग. रणबीर कपूर, साई पल्लवी आणि यश त्यात आहेत, संगीत ए. आर. रहमान व हान्स झिमर यांचे आहे आणि दुसरा भाग २०२७ च्या दिवाळीला यायचा आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. एवढा मोठा चित्रपट काही आठवडे पडद्यावर राहीलच, त्यामुळे भाऊबीज उरकल्यावर गर्दी ओसरली की आई-वडिलांना निवांतपणे नेता येईल.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. १ मे आम्ही राखून ठेवत आहोत. आणखी एक विचारतो. अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळालेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आमच्या भागात पाहायला मिळालाच नाही. अशा चित्रपटांसाठी काय करावे?

पहिलारांगेतला
पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारीत होतो आणि त्यात मराठी चित्रपटांची स्वतंत्र स्पर्धा असते. पुढे वर्षभरात जे मोजक्याच पडद्यांवर लागतात, त्यांतील काही तेथे आधीच पाहायला मिळतात. नावनोंदणी आधी करावी लागते, तेव्हा सर्व दिवस शक्य नसले तरी शनिवार-रविवार धरून या.