मदत हवी आहे: वाचनालयाचे मेल जीमेलवरून परत येतात, एसपीएफच्या (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या) दोन नोंदींमुळे का?

नमस्कार मंडळी,

गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट आणि मेल मी सांभाळतो. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. नोटीस वेळेत पोचली नाही तर सभा पुढे ढकलावी लागेल, आणि आमचे बहुतेक सभासद जीमेलवालेच.

गेल्या आठवड्यात वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली, मेल जुन्याच कंपनीकडे ठेवला. नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले, एमएक्सच्या (येणारा मेल कुठे जायचा ते सांगणाऱ्या) नोंदी हाताने पुन्हा भरल्या. येणारे मेल व्यवस्थित येतात. पण जीमेलच्या पत्त्यांवर पाठवलेला एकही पोचत नाही, '५५०-५.७.२६' (पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही) म्हणून परत येतो.

काल रात्री डोमेनच्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी तपासल्या तर 'व्ही=एसपीएफ१'ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसल्या. एक होस्टिंगने आपोआप घातलेली, दुसरी मी मेल कंपनीच्या मदत-पानावरून चिकटवलेली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर वाटतात. यातली कुठली काढू?

प्रतिसाद १

एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन सापडल्या की तपासणारा सर्व्हर त्यातली एक निवडत नाही, थेट 'पर्मएरर' (नोंदच चुकीची, तपासता येत नाही) देतो. एकच ओळ ठेवा: व्ही=एसपीएफ१, मेल कंपनीचा इन्क्लूड (तिच्या सर्व्हरना परवानगी देणारा भाग), शेवटी ~ऑल (बाकी सगळे संशयास्पद). वेबसाइटवरून फॉर्मचे मेल जात असतील तरच होस्टिंगचा इन्क्लूड त्यात जोडा.

पण तेवढ्याने भागणार नाही असं वाटतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), निदान एक तरी पास लागतं. तुमचं नाकारलं जातंय म्हणजे डीकेआयएमही पडलंय. ती नोंद नव्या पॅनलमध्ये भरली होती का?

धागाकर्ता

भरली होती, आणि घोळ तिथेच निघाला! नावाच्या रकान्यात मी 'डीफॉल्ट._डोमेनकी'च्या पुढे आमचं डोमेनही लिहिलं होतं. पॅनल ते स्वतःच जोडतं, त्यामुळे नोंदीच्या नावात डोमेन दोनदा आलं. सही तपासायची किल्ली बरोबर होती, पण जिथे शोधतात तिथे नव्हतीच. पॅनलमध्ये ते पूर्ण नाव बारीक अक्षरात खाली दिसतं, माझं लक्ष गेलं नव्हतं.

नाव दुरुस्त केलं, एसपीएफची एकच ओळ ठेवली. टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद साठवून ठेवतात तो आकडा) ३६०० होता, म्हणून तासभर थांबून स्वतःच्या जीमेलवर मेल टाकला. 'मूळ मेसेज दाखवा'मध्ये एसपीएफ पास, डीकेआयएम पास! मनापासून आभार. परत आलेल्या पत्त्यांवर नोटीस आत्ताच पुन्हा पाठवतोय.

डीमार्कची (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी) नोंद अजून नाही. आधी 'पी=नन' (काही अडवू नका) ठेवून काही दिवस अहवाल पाहू ना?