मदत हवी आहे: भाजी संपल्यावर काय करता?

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात धायरीत राहतो. घरात ५ माणसं, सासूबाईंना मधुमेह, मुलांचे रोज डबे. रविवारी मार्केट यार्डातून भाजी आणते, पण पालेभाजी जेमतेम बुधवारपर्यंत पुरते. मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून महाग घ्यावी लागते, बजेट तिथेच कोलमडतं.

मटकी, चवळी, हुलगे मोड आणून होतात, पिठलंही आहेच. पण दोन दिवस सलग उसळ दिसली की मुलं तोंड फिरवतात. (पनीर सुचवू नका, परवडत नाही.)

गुरुवार ते शनिवार ताजी भाजी न आणता, डब्यात कोरडं राहील असं काय करता? डाळकांदा, सांडगे सोडून सांगा. आणि भुसार बाजारात घरगुती गिऱ्हाइकाला १०-२० किलो ज्वारी देतात का? साठवताना कडुलिंबाचा पाला पुरतो का?