हेक्टरचं एकर करताना गुणायचं का भागायचं?

रावेरकडचा शेतकरी: कपाशीला नत्र (नायट्रोजन) हेक्टरी १०० किलो असं वाचलं, मी २.४७१ नं गुणलं तर एकरी २४७ किलो आलं, एवढं कसं टाकणार भाऊ? सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर आहे.

चोपडेकर: गुणलं तिथंच चुकलं भाऊ. १ हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, पण तुमच्या आकड्यात हेक्टर खाली आहे, मग अपूर्णांक असा मांडा की हेक्टर वर येऊन कटला पाहिजे: १०० किलो/हेक्टर × १ हेक्टर/२.४७१ एकर = एकरी ४०.५ किलो. एकक लिहीत जा, नुसते आकडे नको.

यावलची ताई: आणि दादा, हे नत्र आहे, युरिया नाही! युरियात ४६ टक्केच नत्र, म्हणून ४०.५ ÷ ०.४६ = एकरी ८८ किलो युरिया, तोही हप्त्याहप्त्यानं द्या.

रावेरकडचा शेतकरी: म्हणजे ०.८१ × २.४७१ = २ एकर, १७६ किलो युरिया, ४५ किलोच्या जवळपास ४ गोण्या. लई आभार.