लिखाणाचं काम देतो म्हणायलेत, पण आधी करारावर सही मागायलेत. करू का?

खानापूरची_लेक:

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मराठी माध्यमातून शिकले, बी.ए. झालंय. कन्नड वाचता-लिहिता येतं, इंग्रजी समजतं, मराठी टायपिंगचा हात चांगला आहे. सासूबाईंना एकटं सोडून रोज बेळगावला ये-जा करणं जमत नाही, म्हणून घरबसल्या लिखाणाचं किंवा भाषांतराचं काम शोधायलेय.

फेसबुकवर एक जाहिरात दिसली. 'घरबसल्या मराठी लेखन, पानाला २०० रुपये, आठवड्याला पगार.' मेसेज टाकला तर लगेच फोन आला. बाई हिंदीत बोलत होत्या, बोलणं एकदम गोड. वेबसाइट पाठवली, तीही झकास. 'पन्नास हजार समाधानी लेखक' असं वर लिहिलंय. काम असं, की स्कॅन केलेली पानं बघून जशीच्या तशी टाइप करायची, मुदतीत द्यायची, नव्वद टक्के अचूक पाहिजे. नोंदणी फी माफ म्हणे. फक्त ऑनलाइन करारावर सही करायची आणि आधार, पॅन, शिवाय हातात आधार धरून काढलेला फोटो पाठवायचा.

दुसरं काम टेलिग्रामवर आलंय. हॉटेलांना चार ओळींचे चांगले रिव्ह्यू लिहायचे. तीन लिहिले, १५० रुपये खरंच खात्यावर आले. त्यामुळं घरात दोन पक्ष पडलेत. आमचे हे म्हणतात सोडून दे, धाकटे दीर म्हणतात पैसे आले म्हणजे कंपनी खरी. करारावर अजून सही केलेली नाही, पण उद्या संध्याकाळपर्यंत करा म्हणून मागं लागलेत.

सगळंच खोटं असतं, की काही खरं पण असतं?

निपाणी_स्टँड:

सही करू नका. टेलिग्रामचा ग्रुप सोडा. पैसे आले म्हणजे खरं, असं तुमच्या दीरांना वाटावं म्हणूनच ते १५० पाठवलेत की ओ. पुढचं जाणती माणसं सांगतील, मी दुकान उघडायला निघालोय.

शहापूरचा_भाषांतरकार:

ताई, मी शहापुरात राहतो. कन्नड, मराठी, इंग्रजी अशा भाषांतरावर घर चालवतो, तेव्हा सगळंच खोटं नसतं हे पहिलं. पण खरं-खोटं ओळखायला वेबसाइट बघत बसू नका, ती कुणीही एका दुपारात उभी करतो. मी एकच गोष्ट बघतो. समोरच्या माणसाला माझ्याकडून नेमकं काय पाहिजे? खऱ्या गिऱ्हाइकाला लिखाण पाहिजे असतं. कुठं छापणार, वाचणार कोण, किती शब्द, कधी पाहिजे, यावरच तो बोलत राहतो. भावात घासाघीस करतो, कधी वैताग आणतो. लबाडाला तुमच्या लिखाणाचं काहीच पडलेलं नसतं. त्याला तुमची सही, तुमचं खातं, तुमची फी नाहीतर तुमचा आधार पाहिजे असतो.

हे तुमच्या टायपिंगच्या कामाला लावून बघा. छापील पानावरची मराठी अक्षरं आज फोनमधलं गुगल लेन्स उचलतं. चुका राहतात, पण त्या सुधारायला कोण पानाला २०० रुपये देईल? म्हणजे त्या बाईंना टाइप केलेली पानं नकोत. त्यांना सही पाहिजे. हा डाव जुना आहे. पानं मुद्दाम धूसर देतात, मुदत न झेपणारी ठेवतात, अचूकता तेच मोजतात, आणि त्यांच्या मोजणीत कुणी पास होत नाही. मग करार मोडला म्हणून 'वकिला'चा फोन येतो, कोर्टात खेचू, नाहीतर इतके हजार भरून मिटवा. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं अशा फोनला घाबरून बापाला न सांगता उसने पैसे काढले होते. फी माफ केली ती उगाच नव्हे. फीपेक्षा भीतीत जास्त मिळतं त्यांना.

टेलिग्रामवाल्यांना पण रिव्ह्यू नकोत. आत्ता ते पैसे देतात. थोड्या दिवसांनी 'प्रीपेड टास्क' म्हणून हजार भरायला लावून तेराशे परत करतील. मग पाच हजार, मग पंचवीस. ग्रुपमध्ये 'मला मिळाले, मला मिळाले' म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे बहुतेक त्यांचेच. तुमची शिल्लक त्यांच्या साइटवर मोठी-मोठी दिसत जाईल आणि काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा'. इथं एक कायमचं ध्यानात ठेवा. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, पैसे देणारा कापतो, घेणाऱ्यानं तो आधी कुणाच्या यूपीआयवर भरायचा नसतो. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो. तसंच यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत, येणार नाहीत.

आणि त्या १५० रुपयांचं मला बरं वाटत नाही. असले पैसे पुष्कळदा दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाच्या खात्यातून फिरवलेले असतात. त्यानं तक्रार केली की तपास पैशाच्या मागून खात्याखात्यात येतो, आणि मधली खाती गोठवली जातात. पुन्हा त्यांच्याकडून रुपया घेऊ नका, 'तुमचं खातं वापरायला द्या, कमिशन देतो' म्हणाले तर अजिबात नाही. ग्रुपमधलं बोलणं आणि पैसे आल्याचा मेसेज जपून ठेवा आणि बँकेत एकदा लेखी सांगून ठेवा.

आता गिऱ्हाईक तपासायचं कसं. आपल्याकडं पुण्या-मुंबईचा पत्ता बघितला की माणूस भाळतो. (बेंगळुरूचा बघून नाही भाळत, का कुणास ठाऊक.) बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे. नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटक २९ आणि महाराष्ट्र २७, त्यापुढची दहा अक्षरं पॅनची. पत्ता कोल्हापूरचा आणि नंबर भलत्याच राज्याचा, नाव तिसऱ्याचं, किंवा नोंदणी रद्द झालेली दिसली तर तिथंच थांबायचं. नंबर नाही म्हणजे लबाड असं मात्र नव्हे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते, तुम्हाला पण नाही. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदवलं हे 'हू-इज' नावाच्या शोधात दिसतं. पन्नास हजार लेखक आणि साइट गेल्या महिन्यातली, असं निघतं कधी कधी. समाधानी लेखकांचे फोटो लेन्सवर टाका, भलत्याच देशातल्या दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत सापडतील.

नमुना लेख मागतात त्याचं पण बघा. दीडशे शब्दांचा नमुना द्यायला हरकत नाही. हजार-हजार शब्दांचे वेगवेगळ्या विषयांवरचे पाच 'नमुने' मागितले की तो नमुना नव्हे, तुमच्यासारख्या दहा जणांकडून फुकटात साइट भरून घ्यायलाय.

तुम्हाला कन्नड येतं ही मोठी जमेची बाजू. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात पतसंस्था किती आहेत बघा. सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, सभासद मराठी. वार्षिक अहवाल, नोटिसा, ठराव इकडून तिकडं करायला माणूस लागतोच. वार्षिक सभा साधारण जून ते सप्टेंबरमध्ये असतात, त्याच्या आधी जाऊन विचारा. भाव कमी सांगतात, पण पैसे बुडाले तर शटरसमोर जाऊन उभं राहता येतं.

तिसरं_गेट_टिळकवाडी:

काकांचं बाकी सगळं पटलं, पण शेवटचं नाही. पतसंस्थेचं काम वर्षातून एकदा, आणि तिथं पण चेअरमनचा पुतण्या आधी असतो. मी अपवर्कवर काम करते, म्हणजे घरबसल्या काम करणारे आणि देणारे जिथं भेटतात त्या ऑनलाइन मंचावर. तिथं ठरलेल्या रकमेच्या कामाला गिऱ्हाईक आधी पैसे मंचाकडं जमा करतो, काम मान्य झालं की आपल्याला मिळतात. कमिशन कापतात, आणि कामासाठी अर्ज करायला 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात. ती मंचाची उघड सांगितलेली फी आहे, काम देणाऱ्याला चोरून द्यायची नाही. फरक समजून घ्या, नाहीतर घाबरून सगळ्याच दारांना कुलूप लावाल. लबाड तिथं पण येतात. त्यांचा पहिलाच मेसेज 'टेलिग्रामवर बोलू' असा असतो. गिऱ्हाइकाचं पेमेंट व्हेरिफाइड आहे का आणि आधी किती जणांना पैसे दिलेत, हे पानावरच दिसतं. पैसे जमा झाल्याचं दिसल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही मी.

चिकोडी_कोर्टाजवळ:

वकिलांच्या ऑफिसात कारकून आहे, म्हणून कराराचं तेवढं बोलतो. असल्या नोटिसा घेऊन घाबरीघुबरी पोरं येतात आमच्याकडं. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. कामाचा करार मोडणं हा दिवाणी मामला, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७४ प्रमाणं करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही, कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. शिवाय फसवून सही घेतली असेल तर कलम १९ खाली फसलेला माणूस तो करार रद्द ठरवून घेऊ शकतो. त्यामुळं ज्यांनी सही केलीय त्यांनी पैसे भरू नयेत, नोटीस जपून ठेवावी आणि खऱ्या वकिलाला दाखवावी. वकिलाचा नोंदणी क्रमांक विचारला की पलीकडचे 'वकीलसाहेब' फोन ठेवतात, हा आमच्या ऑफिसातला करमणुकीचा भाग.

पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडकवता येण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. बेळगावात सीईएन पोलीस ठाणं आहे, सायबरचे गुन्हे तिथं बघतात. 'नंबर महाराष्ट्रातला आहे, तिकडं जावा' म्हणून कुणी परत पाठवलं तर सांगा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही भागात घडला तरी ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची आहे. सीमेवरच्या माणसाला हे पाठ पाहिजे.

खानापूरची_लेक:

सगळ्यांचे आभार. वेबसाइटवाल्या बाईंना विचारलं, ही टाइप केलेली पानं कोण वाचणार आहे? 'मॅडम, वो कंपनी का मॅटर है' म्हणाल्या. परत विचारलं तर चिडल्या. नंबर ब्लॉक केला. टेलिग्राम काढून टाकायच्या आधी सगळे मेसेज साठवून घेतले. दीर आता म्हणतात मला माहीतच होतं.

अजून एक विचारायचं होतं. कोल्हापूरकडच्या एका आयुर्वेदिक औषधवाल्यांनी काम देऊ केलंय. जीएसटी नंबर तपासला, २७ नं सुरू होतो, नाव-पत्ता जुळतो. निम्मे पैसे आधी द्यायला पण तयार आहेत. लेखात लिहायचंय की त्यांच्या काढ्यानं शुगर मुळापासून बरी होते, आणि खाली बऱ्या झालेल्या रुग्णांची पत्रं मीच तयार करायची. हे घेऊ का?

शहापूरचा_भाषांतरकार:

हे गिऱ्हाईक तुम्हाला फसवत नाही ताई, तुमच्या हातून दुसऱ्याला फसवायला बघतंय. औषधं आणि जादूटोणा उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा आहे. ज्या रोगांचा इलाज होतो अशी जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी त्यात आहे, मधुमेह त्या यादीत आहे, कॅन्सर आणि रक्तदाब पण. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कुणीही भाग घ्यायचा नाही, अशी त्याची भाषा आहे, फक्त मालकानं नव्हे. पत्रं तर सरळ खोटी. तुमच्या गावात पण गोळी सोडून काढा पिणारा कोणीतरी असेलच.

लगेच नाही म्हणू नका मात्र. त्यांना लिहा, की काढ्यात काय काय आहे, कसा बनवतात, कोणी घेऊ नये आणि डॉक्टरांना विचारून घ्या, असा लेख मी लिहून देते. बरं होण्याचा दावा आणि रुग्णांची पत्रं लिहिणार नाही. पुष्कळांना कायदा खरंच माहीत नसतो, तयार होतात. तयार झाले तर शब्दसंख्या, भाव, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, उरलेले पैसे कुठल्या तारखेला, हे सगळं मेलवर घ्या. व्हॉइस नोटवर नको, ती ऐकून तारीख काढत बसावं लागतं.

निपाणी_स्टँड:

दुकान बंद करून आलो तर एवढं झालंय इथं. काका, आमच्या पतसंस्थेचा अहवाल कन्नडमध्ये करायचाय, चेअरमनला पुतण्या नाही. भाव कसा लावता, शब्दाला की पानाला?

शहापूरचा_भाषांतरकार:

शब्दाला. पण आधी त्या ताईंना विचारा.