नाल्यावर स्लॅब टाकून रस्ता: आक्षेप द्यायचा की नाही?

हुडकेश्वर_रहिवासी

नमस्कार मंडळी. मी नागपुरात हुडकेश्वर रोडच्या आतल्या बाजूला राहतो, 2006 पासून. आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून बसलेल्या वस्तीच्या, आणि मागच्या तीन ले-आउटच्या मधून एक नाला जातो. उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडता येतो एवढाच, पण जुलै-ऑगस्टात काठोकाठ असतो. आता त्यात पाईप टाकायचे, वरून स्लॅब मारायचा आणि नाल्याच्या लांबीभर सिमेंट रोड करायचा असं ठरत आहे. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, तो नाला म्हणूनच दाखवलेला आहे, म्हणून एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम 37 खाली बदलाची नोटीस निघाली. आक्षेप द्यायला एक महिना मिळतो, त्यातले अकरा दिवस गेले पण, आणि आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना माहीतच नाही.

मी रस्त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. माझं म्हणणं एवढंच की रस्ता नाला ओलांडून न्या, नाल्याच्या अंगावर झोपवू नका. मागच्या ले-आउटसाठी डीपीत 12 मीटरचा रस्ता आहे, नकाशा काढून बघा, तो एका कंपाऊंडपाशी येऊन अडला आहे. कंपाऊंडला मालक आहे, तो भांडतो, कोर्टात जातो. नाल्याला कोणी मालक नाही, म्हणून सगळ्यांना नाला सोपा वाटतो.

आणि मला भीती का वाटते तेही सांगतो. आमचं घर बांधलं तेव्हा फाटकातून आत यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. मग डांबर झालं, डांबरावर डांबर, मग सिमेंट रोड. जुना रस्ता खोदायचा नाही, त्याच्याच वर थर द्यायचा. आज एक पायरी उरली आहे. जोराचा पाऊस आला की मी आणि मुलगा फाटकाच्या खाली रेतीची पोती लावतो, आणि हे पाणी नाल्याचं नाही बरं का, नुसतं रस्त्याचं आहे. नाला मोकळा आहे म्हणून ते तासाभरात उतरतं. नाला पाईपात गेला तर ते उतरणार कुठे?

नाल्याच्या काठावर कडुनिंब आहेत, करंजी आहेत, दोन अर्जुन आहेत चांगले दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत एवढे. पहिल्या पावसानंतर त्या काठावर तरोट्याची रानभाजी उगवते आणि आजूबाजूच्या बाया सकाळी सकाळी ओटीत खुडून नेतात. एप्रिल-मे महिन्यात आमच्या भागात संध्याकाळी उभं राहता येईल अशी तेवढीच एक जागा आहे.

मागच्या_लेआउटची_ताई

दादा तुमचं सगळं वाचलं. तुमच्या दारासमोर सिमेंट रोड आहे, म्हणून तुम्हाला नाला सुंदर दिसतो. आमच्याकडे या. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाईंना रात्री दीड वाजता छातीत दुखायला लागलं, अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला चिखलातून गाडी आत येणार नाही, फसली तर काढणार कोण. मग शेजारच्या दोन पोरांनी आणि माझ्या मिस्टरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मेन रोडपर्यंत उचलून नेलं, मी पुढे मोबाईलचा टॉर्च धरून चालत होते आणि पाऊस चालूच होता. वाचल्या त्या, देवाची कृपा. पण आम्ही 14 वर्षं प्लॉट नियमित करायची डिमांड भरून, त्याचं पत्र (आरएल) घेऊन, टॅक्स भरून बसलोय आणि आमच्या नशिबी अजून मुरूम. तुम्ही तरोट्याच्या भाजीचं बोलता.

डीपीतला रस्ता मला पण माहीत आहे. तो कंपाऊंडवाला आम्ही राहायला आलो तेव्हापासून तसाच आहे. त्याची वाट बघत आम्ही म्हातारे व्हायचं का?

नरखेडचा_बापू

ताई बरोबर बोलून राहिल्या. अन् भाऊ, तुमचं पण चुकत नाही, पण रस्ता पहिले. माणूस आधी, झाड मग. इथं लोकाइनं आयुष्यभराची कमाई टाकून प्लॉट घेतले. नागपुरातल्या 572 अन् 1900 अनधिकृत ले-आउटवाल्याइनं किती सोसलं हे ज्याचं त्याले माहीत. असे विनापरवानगी पाडलेले प्लॉट नियमित करणारा 2001 चा गुंठेवारी कायदा आला तेव्हा वाटलं आता सुटलो, अन् 2021 मध्ये सुधारणा करून 2020 च्या डिसेंबरपर्यंतचे प्लॉट घेतले त्यात, पण कागद झाला म्हणजे रस्ता झाला का? नाही न. आता कुठं काम होऊन राहिलं त वर आक्षेप घेऊन पुन्हा दोन वर्षं अडकवता काय? निधी एकदा परत गेला की मग बसा बोंबलत. मी त आक्षेपाच्या अर्जावर सही करणार नाही.

सिव्हिल_वाला

मी याच कामात आहे, रस्ते-गटर लाईनचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो, कोणाची बाजू म्हणून नाही. पाईपाचा व्यास कोणत्या तरी पावसाचा हिशेब धरून ठरतो. हिशेबाच्या वर पाऊस झाला तर उघडा नाला काठ सोडून पसरतो आणि नंतर स्वतःच उतरतो, पण पाईपाला पसरायला जागा नसते, मग पाणी तोंडाशी तुंबतं आणि वरच्या बाजूच्या घरांत शिरतं. दुसरं म्हणजे सफाई. दरवर्षी पावसाळ्याआधी नाला सफाई होते, जेसीबी उतरतो, गाळ, गाद्या, थर्माकोल, नारळ सगळं निघतं. स्लॅबखाली जेसीबी जात नाही. मग चेंबरच्या झाकणातून जेवढं हाताला लागेल तेवढंच. पहिली दोन वर्षं छान चालतं, लोकं म्हणतात बघा काही झालं नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी आतला गाळ बोलायला लागतो.

आणि वरच्या अंगाला जी मोकळी शेतं होती तिथे आता सगळे बंगले आणि फ्लॅट स्कीम झाल्या, अंगणात टाईल्स, रस्ता सिमेंटचा. आधी बरंच पाणी मातीत मुरत होतं, आता सगळंच्या सगळं एकदम नाल्यात येतं. म्हणजे नाल्याचं काम वाढलं आणि आपण त्याचा गळा आवळतो.

अंबाझरीकाठचा

23 सप्टेंबर 2023 ची रात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे पुस्तकी वाटेल. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी भरली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे तळमजल्यात पाणी. आम्ही झोपेतून उठलो तेव्हा पलंगाच्या पाट्यापर्यंत पाणी होतं आणि फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. आईला पहिल्या मजल्यावर नेलं आणि खिडकीतून पाहतो तर शेजाऱ्यांची कार पाण्यावर उचलून भिंतीला ठक ठक करत होती. तलाव 1870 चा आहे. तलाव आमच्याकडे चालत आला नाही, पाणी जायची जी वाट होती तिथे आपण घरं, भिंती, रस्ते उभे करत गेलो. तलावाच्या सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा वाद तर हायकोर्टापर्यंत गेला.

आमच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे, रंग मारला तरी ओल येऊन पुन्हा दिसते.

नरखेडचा_बापू

भाऊ तुमच्यासंग जे झालं त्याचं वाईट वाटते, खरंच. पुराचं मले काही नवं नाही, 30 जुलै 1991 ले मोवाड वाहून गेलं, आमच्या नरखेड तालुक्यातलं. पण ती वर्धा नदी होती अन् तुमचा अंबाझरी आहे. हा त नाला आहे बावा. लहानसा.

सिव्हिल_वाला

बापू, लहान नाल्याला तर पसरायला जागा आणखी कमी असते, घरं थेट काठावर.

भाड्याने_राहणारी

मला एक विचारायचं आहे. मी वर्षभरापूर्वी आले इकडे, मिहानमध्ये कामाला आहे, भाडं परवडतं म्हणून इतक्या आत राहते. घर घ्यायचं म्हणून बघतेय पण जे परवडतं ते सगळं असंच, नाल्याच्या काठी नाहीतर खोलगट जागेत. ब्रोकर म्हणतो मॅडम स्लॅब झाला की भाव वाढेल, आत्ताच घ्या. म्हणजे रस्ता व्हायच्या आधीच भाव चढतोय, आणि पाणी आलं तर ते शेवटी घेणाऱ्याच्या घरात येणार. दहा टक्के ओपन स्पेस ले-आउटमध्ये सोडायची असते ना, ती कुठे आहे आपल्याकडे? मला तर एकच सापडली, तिथे भराव टाकून लग्नाचा मंडप घालतात.

हुडकेश्वर_रहिवासी

ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून मी काल रात्री काही लिहू शकलो नाही. आपण चारशे पावलांवर राहतो आणि मला हे माहीतच नव्हतं. आज सकाळी तुमच्या बाजूने चालत आलो, शेवटच्या वळणावर गुडघ्याच्या खाली पाय गेला. तुम्ही म्हणालात ते खरं आहे, माझ्या दारात रस्ता आहे म्हणून मी नाल्याबद्दल आधी लिहिलं आणि तुमच्या रस्त्याबद्दल नंतर.

पण तरी म्हणतो, स्लॅबचा रस्ता झाला तर पहिलं पाणी कोणाकडे येईल हे मी त्या वळणावर उभं राहून पाहिलं. तुमची बाजू आमच्यापेक्षा खाली आहे. पाईपाचं तोंड तुमच्याच कोपऱ्यावर येतं. तिथे तुंबलं तर अॅम्ब्युलन्स रस्ता असूनही येणार नाही.

मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. डीपीतला 12 मीटरचा रस्ता तो कंपाऊंड संपादित करून मोकळा करा, आणि तो जिथे नाला ओलांडतो तिथे नाल्याच्या पूर्ण रुंदीचा बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे चौकोनी काँक्रीटची मोरी, बांधा, ज्यात जेसीबी नाही तरी माणूस उभा राहून गाळ काढू शकेल. तोपर्यंत तुमच्या आताच्या वाटेवर या पावसाळ्याआधी खडीकरण. नाला आहे तसा राहू द्या आणि काठाला हात लावू नका. झाडांचं म्हणाल तर 1975 च्या झाडांच्या कायद्यात 2021 ला जी दुरुस्ती झाली तिच्यात 50 वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष धरलं आहे. ते दोन अर्जुन त्यात बसतील असं मला वाटतं, वय मोजून घ्यायला लावू.

मागच्या_लेआउटची_ताई

तुम्ही आलात हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. पुढच्या वेळी हाक मारा, चहा घेऊन जा.

पण मी स्पष्ट बोलते. अशी कागदं मी खूप पाहिली. आक्षेप मंजूर होतो, नाला वाचतो, फोटो छापून येतो, आणि आमचा रस्ता "पुढील टप्प्यात" जातो. दोन्ही मागण्या एकत्र लिहिता तेव्हा एकच ऐकली जाते आणि ती आमची नसते. माझे मिस्टर म्हणतात स्लॅब तर स्लॅब, काहीतरी होऊ दे. मी अजून त्यांच्याशी भांडतेय, कारण पाईपाचं तोंड आमच्या कोपऱ्यावर येतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

सही करायची तर एका अटीवर. पहिल्या ओळीत आमचा रस्ता पाहिजे, तारखेसकट. नाला खाली.

नरखेडचा_बापू

अन् निधी परत गेला त?

सिव्हिल_वाला

तोच निधी कल्व्हर्टला वळवायला मागा, अर्जात तसं लिहा. वळवतीलच असं मी छातीठोक सांगत नाही. रविवारी सात वाजता टेप घेऊन येतो, नाल्याची रुंदी तीन ठिकाणी मोजू, आकडे जोडले तर अर्ज नुसता भावनेचा राहत नाही. बापू तुम्ही पण या.

नरखेडचा_बापू

येतो. सहीचं मात्र अजून नाही म्हणत.

हुडकेश्वर_रहिवासी

ताई, अर्ज बदलला. आता सुरुवात अशी आहे: "आमच्या मागील तीन ले-आउटमधील रहिवाशांना पावसाळ्यात अॅम्ब्युलन्स पोहोचेल असा रस्ता नाही. आराखड्यातील 12 मीटर रस्ता कोणत्या तारखेपर्यंत मोकळा होईल, हे लेखी कळवावे." नाला तिसऱ्या परिच्छेदात घेतला आहे. रविवारी प्रिंट घेऊन येतो, तुमच्या मिस्टरांनाही वाचायला द्या.