मदत हवी आहे : हातकागदावर लग्नपत्रिका घरीच करायच्या आहेत (इंदूर)

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, इथेच इंदूरला. मुलाकडचे हिंदीभाषक, ते त्यांच्या पत्रिका वेगळ्या छापणार. आमच्याकडच्या दीडशे पत्रिका मात्र घरी, हाताने करायच्या असं बहिणीने मनात घेतलंय. बाबांचं मत, खजुरी बाजारात पत्रिका छापायला देऊन तासाभरात मोकळं व्हावं. लोकांना जेवण लक्षात राहतं, पत्रिका नाही. पण तिच्यापुढे कोणाचं चालतंय!

कागद सुती चिंध्यांचा हातकागद, मोतिया रंगाचा, कडा न कापलेल्या. एकच पान, मधोमध घडी. वर लाकडी ठशाने गणपती, आत मजकूर. ठशाचं जमलंय, छान उठतो. घोडं अडलंय मजकुरावर.

घरच्या इंकजेटवर शाई कागदात पसरते. 'श्री' आणि 'ज्ञ' यांची पोटं भरून नुसते ठिपके दिसतात. शेजारच्या लेझर प्रिंटरवर अक्षर रेखीव येतं, पण कागद खरबरीत असल्याने मध्येमध्ये तुटतं आणि घडीवरची शाईची पूड बोटाला लागते. त्यात श्रावणातली दमट हवा, कागद वळतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो.

एका प्रेसला मजकूर दिला, तर त्यांनी तो त्यांच्या फाँटमध्ये पुन्हा टाइप केला. 'विवाहस्थळ'चं 'विवाहस्थल' झालं आणि 'वेळ'ची वेल! 'चि. सौ. कां.' कुठे गेलं ते देव जाणे. त्यांचा तरी काय दोष, दिवसभर हिंदीच छापतात.

शिवाय आजीची अट : चारही कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लागलंच पाहिजे, पहिली पत्रिका खजराना गणपतीला आणि दुसरी कुलदैवताला. अट मान्य आहे, पण गठ्ठा केला की एकीचं कुंकू दुसरीच्या पाठीला लागतं. काय करावं?

प्रतिसाद :
ताई, प्रिंटरचा नाद सोडा, स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या. शाई जाळीतून दाबून कागदावर बसते, त्यामुळे खरबरीतपणा फारसा आड येत नाही. दर रंगाला जाळीची वेगळी फ्रेम लागते, म्हणून मजकूर एकाच रंगात ठेवा. मरून छान दिसेल. अक्षर बारीक नको, बारीक रेघ जाळीत हरवते. मजकूर तुम्हीच युनिकोडमध्ये लावा, फाँटचं आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांची चित्रं करून) पीडीएफ द्या आणि 'पुन्हा टाइप करू नका' असं बजावा. मग ळ जागेवर राहील. जाळीवर मजकूर उतरवायची फिल्म काढण्याआधी कागदावरचं प्रूफ घरातल्या दोघांनी वाचा, तारीख आणि वार पंचांगाशी ताडून. कागद छापण्याआधी सपाट फळीखाली दाबून ठेवा. घडी छापून वाळल्यावरच, पट्टी धरून बोथट सुरीने आधी चर पाडून.

प्रतिसाद :
हळदकुंकू पाण्याने सैल करू नका, दाटच ठेवा आणि बोटाच्या टोकाने अगदी थोडं लावा. पत्रिका सुट्या मांडून सावलीत वाळवा. उन्हात हळदीचा रंग उडतो. हाताला साबण राहिला तर हळद लाल पडते, तेवढं बघा. पाकिटात घालताना मध्ये बटर पेपरचा तुकडा घाला. आणि हे काम वाटायला निघायच्या आदल्या दिवशी करा, आधी करून गठ्ठे लावू नका. आमच्याकडे आत्याबाई हे काम कोणाला करूच देत नाहीत, त्यामुळे आमचं आपोआप उरकतं.

धागाकर्ती :
दोघांचे आभार. हळदकुंकवाचं खातं आजीकडेच सोपवते, तिला आवडेल. मजकूर आज रात्री लावायला घेते. मरून रंगावर बहीण राजी आहे, बाबा अजून लाल-सोनेरीच म्हणताहेत. सोनेरी म्हणजे दुसरी फ्रेम हे त्यांना सांगितलं की बहुतेक गप्प बसतील. आता एवढंच : राजवाडा, खजुरी बाजार, मल्हारगंज या भागात हातकागदावर दीडशेच नगांचं स्क्रीनचं काम घेणारं कोणी माहीत असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोठे प्रेसवाले इतक्या थोड्या कामाला दारातूनच परत पाठवतात.